मतभेद नेमका कशावर? कथावत्थुची विवादपद्धती आणि आपल्या लेण्यांतील निकाय

तर्कशक्तीची परीक्षा घेणाऱ्या चाचण्यांत प्रश्नाचा एक ठरावीक प्रकार असतो. दोन व्यक्तींची दोन छोटी वक्तव्ये दिलेली असतात आणि या दोघांचा मतभेद खालीलपैकी कोणत्या मुद्द्यावर आहे, असे विचारलेले असते. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशासाठी १९४८ पासून घेतल्या जाणाऱ्या ‘एलसॅट’ परीक्षेत हा प्रकार नित्याचा आहे. प्रश्न दिसतो सोपा, पण हुशार विद्यार्थीही त्यात चुकतात. याचे कारण असे की दोघे भांडत आहेत हे चटकन कळते, कशावर भांडत आहेत हे मात्र कळत नाही.

आपल्या परिसरातले उदाहरण घेऊ. एक गृहस्थ म्हणतात, ‘विहाराआधी अभ्यासिका बांधावी, कारण मुलांना अभ्यासाला बसायला जागा नाही.’ दुसरे म्हणतात, ‘विहार बांधला की मुले तेथेच बसतील, वेगळी अभ्यासिका कशाला?’ मुलांना जागा हवी, यावर या दोघांचा वाद नाही. दोघांनाही ते मान्य आहे. खर्चाविषयी दोघेही बोललेले नाहीत. विहार बांधूच नये, असेही पहिल्याने म्हटलेले नाही. ‘मुलांची जागेची अडचण विहाराने दूर होईल’ हे विधान पुढे ठेवले तर मात्र दुसरा ‘होय’ म्हणेल आणि पहिल्याला ‘नाही’ म्हणावे लागेल. मतभेदाचा मुद्दा तो हाच. कसोटी एवढीच, की ज्या विधानाला एकाचा होकार आणि दुसऱ्याचा नकार त्यांच्याच बोलण्यावरून निश्चित होतो, तेच वादाचे विधान होय. ज्यावर दोघांपैकी एकही जण गप्प आहे, ते वादाचे विधान नव्हे.

पालि त्रिपिटकात याच कसोटीवर आदीपासून अंतापर्यंत रचलेला एक ग्रंथ आहे. अभिधम्मपिटकाच्या सात ग्रंथांपैकी तो पाचवा, कथावत्थु. श्वे झान आउंग आणि श्रीमती ऱ्हीस डेव्हिड्स यांनी १९१५ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी त्याला ‘पॉइंट्स ऑफ कॉन्ट्रोव्हर्सी’ म्हणजे ‘मतभेदाचे मुद्दे’ असेच नाव दिले. तरीही हा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. सम्राट अशोकाच्या काळी मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी मिथ्यामतांचे खंडन करण्यासाठी तो रचला, इतकी माहिती पाठ्यपुस्तकांतून मिळते आणि तेवढ्यावरच समाधान मानले जाते. खंडन कोणी कोणाचे केले, यापेक्षा वादाची जागा कशी शोधली, हे या ग्रंथात अधिक मोलाचे आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

परंपरा सांगते ती हकीकत थोडक्यात अशी. पाटलिपुत्राच्या अशोकारामात संघामध्ये अन्य मतांचे लोक चीवर धारण करून शिरले होते. तथागतांचे मत कोणते, असे अशोकाने विचारता मोग्गलिपुत्त तिस्सांनी ‘तथागत विभज्जवादी होते’ असे उत्तर दिले. त्यानंतर एक हजार भिक्खूंची तिसरी संगीती झाली आणि तीत कथावत्थुचे संगायन झाले. हा काळ इ.स.पू. २५० च्या सुमाराचा. भगवंतांनी केवळ मातिका, म्हणजे विषयांची चौकट, घालून दिली होती आणि तिस्स थेरांनी स्वमताची पाचशे व परमताची पाचशे अशी एक हजार सुत्ते घेऊन तिचा विस्तार केला, असे अट्ठसालिनीत म्हटले आहे. आज उपलब्ध असलेल्या ग्रंथात तेवीस वग्ग आणि दोनशेहून अधिक कथा आहेत. त्या सर्व एका बैठकीत रचल्या गेल्या, असे मानणे कठीण आहे. अट्ठकथेने काही कथा वेतुल्यकांसारख्या उत्तरकालीन संप्रदायाकडे लावल्या आहेत. ग्रंथ मूळ गाभ्याभोवती थरावर थर चढत वाढला असावा. गाभ्याच्या प्राचीनतेची एक भाषिक खूण मात्र ग्रंथातच आहे. नकार देण्यासाठी जे ठरलेले वाक्य येते, त्यातील ‘वत्तब्बे’ हे प्रथमेचे एकारान्त रूप नेहमीच्या पालिचे नाही. ते पूर्वेकडील मागधीचे आहे. के. आर. नॉर्मन यांनी या रूपांकडे लक्ष वेधले आहे. पाटलिपुत्राच्या वादसभेतला उच्चार सिंहलद्वीपातील पोथ्यांपर्यंत जसाच्या तसा पोहोचला, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रंथाची मांडणी पहिल्या वाचनात अत्यंत कंटाळवाणी वाटते, हे मान्य केले पाहिजे. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो आणि उत्तरे दोनच: ‘आमन्ता’ म्हणजे होय, आणि ‘न हेवं वत्तब्बे’ म्हणजे असे म्हणता येत नाही. शेकडो पृष्ठे हेच चालते. पण ही दोन उत्तरे म्हणजेच वर सांगितलेली कसोटी आहे. प्रतिपक्षाच्या मनात काय असावे, याविषयी तर्क करण्यास येथे वाव नाही. एक एक विधान त्याच्यापुढे ठेवावयाचे आणि होय की नाही हे त्याच्याच तोंडून वदवावयाचे. जेथवर होकार मिळतो तेथवर भूमी सामाईक आहे. जेथे नकार येतो तेथे सीमारेषा आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मूळ ग्रंथात कोणत्याही निकायाचे नाव नाही. अमुक मत वज्जिपुत्तकांचे, तमुक सब्बत्थिवादींचे, ही ओळख अट्ठकथेने दिलेली आहे आणि अट्ठकथा इ.स. च्या पाचव्या शतकातील, म्हणजे संगीतीनंतर सुमारे सातशे वर्षांची आहे. बोलणारा सकवादी की परवादी, हेही अट्ठकथाच सांगते. मूळ पाठात केवळ विधाने आहेत आणि होकार-नकार आहेत. वाद मताशी आहे, माणसाशी नाही. आम्हांस यात मोठी शिस्त दिसते.

ही शिस्त अभिधम्माच्या काळी अचानक उगवलेली नाही. मज्झिमनिकायातील किन्तिसुत्तात भगवंतांनी भिक्खूंना सांगितले आहे की अभिधम्माविषयी दोघांत मतभेद झाला तर प्रथम तो कोठे आहे, ते पाहावे. अर्थ आणि व्यंजन, म्हणजे आशय आणि शब्द, या दोहोंत भेद असू शकतो. आशयात भेद आणि शब्दांत एकमत असू शकते. आशय एक आणि शब्द निराळे, असेही होते. शब्दांचा भेद ही क्षुल्लक बाब असून तेवढ्यासाठी विवाद करू नये, असा तेथे उपदेश आहे. यांतील दुसरा प्रकार सर्वांत फसवा आहे. दोघेही तोच शब्द उच्चारतात, म्हणून एकमत झाले असे वाटते, पण आशय दोन असतात. तिसऱ्या प्रकाराचे उत्तम उदाहरण अरणविभंगसुत्तात सापडते. एकाच भांड्याला एका जनपदात पाति म्हणतात, दुसऱ्यात पत्त, तिसऱ्यात सराव. आपल्याच जनपदाचा शब्द खरा, असा हट्ट धरणारा भिक्खू भांड्याविषयी भांडत नसतो. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तर कथावत्थु याच नावाचे एक सुत्त आहे. सरळ उत्तर द्यावयाच्या प्रश्नाला सरळ, विभाग करून द्यावयाच्याला विभाग करून, प्रतिप्रश्न करून द्यावयाच्याला प्रतिप्रश्न करून उत्तर न देणारा आणि बाजूस ठेवण्याजोगा प्रश्न बाजूस न ठेवणारा मनुष्य चर्चेला अपात्र होय, असे ते सांगते. नैयायिकांनी पक्ष-प्रतिपक्षाची परिभाषा पुढे सूत्रबद्ध केली, हे सर्वश्रुत आहे. संघात त्याआधीच वादाची ही तालीम चालू होती.

आता ग्रंथातील पहिली आणि सर्वांत दीर्घ कथा घेऊ. ती पुग्गलकथा. अट्ठकथेनुसार प्रतिपक्ष वज्जिपुत्तक आणि सम्मितीय यांचा आहे. सामान्य समजूत अशी, की थेरवादी अनात्मवादी आणि हे आत्मवादी होते. थेरवादी म्हणत पुग्गल नाही, हे म्हणत आहे. परीक्षेत कोणी हा पर्याय निवडला तर त्याचे उत्तर चुकेल. आत्मा आहे, असे पुग्गलवाद्यांनी म्हटलेले नाही. अनत्ताचे सुत्त त्यांनाही बुद्धवचन म्हणून मान्य आहे. उलट सकवादी देखील व्यवहारात पुग्गल हा शब्द नाकारीत नाही. परवादी एका सुत्ताचा आधार घेतो, ज्यात स्वहितासाठी झटणाऱ्या पुग्गलाचा उल्लेख आहे. हे भगवंतांचे वचन ना, असे विचारताच सकवादी विनासंकोच होय म्हणतो. म्हणजे ‘पुग्गल आहे’ एवढ्या विधानावर वाद उभाच राहत नाही.

म्हणूनच पहिला प्रश्न मोठ्या काळजीने बांधलेला आहे. पुग्गल सच्चिकट्ठ आणि परमत्थ या अर्थाने, म्हणजे वस्तुसत् व परमार्थसत् म्हणून, उपलब्ध होतो काय? परवादी होय म्हणतो. मग दुसरा प्रश्न येतो. जो सच्चिकट्ठ, जो परमत्थ, तो ज्या रीतीने उपलब्ध होतो त्याच रीतीने पुग्गल उपलब्ध होतो काय? येथे परवादी नाही म्हणतो. या होकार-नकाराच्या जोडीवर सकवादी निग्रह करतो: पहिले म्हणता तर दुसरे म्हणणे प्राप्त आहे, दुसरे म्हणता येत नसेल तर पहिलेही म्हणता येणार नाही. यानंतर पाळी उलटते. परवादी तीच जोडी नकारार्थी करून सकवाद्यापुढे ठेवतो आणि पटिकम्म, निग्गह, उपनयन, निग्गमन या पायऱ्यांनी त्याचाच निग्रह करू पाहतो. असे आठ निग्रह होतात. या रचनेत आधुनिक तर्कशास्त्रातील विधानांच्या परस्परसंबंधाचे नियम वापरलेले आहेत, असे पोलंडचे विद्वान स्तानिस्लाव शायर यांनी १९३३ मध्ये सुचविले होते. के. एन. जयतिलक यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात त्याची पुन्हा चिकित्सा केली. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही.

आम्हांस विचारावयाचे आहे ते हे, की पहिल्या दोन प्रश्नांनी मतभेदाची जागा सापडली काय? आमच्या मते पूर्णपणे सापडली नाही. परवाद्याच्या ‘नाही’चा अर्थ असा असू शकतो: पुग्गल खरा आहे, पण रूप, वेदना इत्यादी धम्म ज्या रीतीने जाणले जातात त्या रीतीने तो जाणला जात नाही. परमार्थतः असणे म्हणजे धम्मांच्याच रीतीने उपलब्ध होणे, हे समीकरण सकवाद्याचे आहे. परवाद्याने ते स्वीकारलेले नाही. तेव्हा या टप्प्यावरील निग्रह शब्दांचा जय आहे. सकवाद्यालाही हे जाणवले असावे, कारण चर्चा तेथे थांबत नाही. रूप हाच पुग्गल काय? नाही. रूप निराळे आणि पुग्गल निराळा काय? नाही. रूपात पुग्गल आहे काय, पुग्गलात रूप आहे काय? तेही नाही. परवादी एकामागून एक नकार देत जातो. सम्मितीयांचा एक ग्रंथ चिनी भाषांतरात शिल्लक आहे आणि के. वेंकटरमणन यांनी १९५३ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर विश्वभारतीच्या वार्षिकातून प्रसिद्ध केले. त्यावरून आणि वसुबंधूने अभिधर्मकोशाच्या नवव्या प्रकरणात केलेल्या खंडनावरून कळते की हे नकार टाळाटाळीचे नव्हते. अग्नी आणि इंधन यांना एक म्हणता येत नाही आणि इंधनावाचून निराळा अग्नीही दाखविता येत नाही, तसा स्कंध आणि पुग्गल यांचा संबंध अवक्तव्य आहे, हाच त्यांचा सिद्धान्त होता.

मग कथावत्थु नेमक्या जागी येते. पुग्गल संखत आहे काय? नाही. असंखत आहे काय? नाही. संखतही नाही आणि असंखतही नाही, असा आहे काय? येथे परवादी होय म्हणतो. मग संखत आणि असंखत सोडून तिसरी कोटि आहे काय? ग्रंथात ‘ततिया कोटि’ असाच शब्द आहे. वादाचे खरे विधान हे आहे. जे जे आहे ते संखत किंवा असंखत या दोहोंतच संपते, असे सकवादी म्हणतो आणि दोन धातू सांगणारे बुद्धवचन पुढे करतो. परवाद्याच्या सिद्धान्ताला मात्र या दोहोंबाहेरची एक जागा हवी आहे. वसुबंधूनेही हीच गाठ पकडली आहे. भूत, वर्तमान, भविष्य आणि असंस्कृत यांपलीकडे ज्ञेयाचा अवक्तव्य असा पाचवा प्रकार त्यांना मानावा लागेल, असे तो दाखवितो. दोन निराळ्या निकायांचे आचार्य, मध्ये काही शतकांचे अंतर, आणि तरी बोट एकाच ठिकाणी पडते. आत्मा आहे की नाही, एवढ्यावरच जो अडून बसेल, त्याला हा वाद कळणार नाही.

दुसरे उदाहरण ‘सब्बमत्थि’ कथेचे आहे. सर्व आहे, म्हणजे भूत आणि भविष्यही आहेत, हे सब्बत्थिवादींचे मत. येथे आपले भाग्य असे की प्रतिपक्षाची बाजू त्याच्याच ग्रंथात उपलब्ध आहे. सर्वास्तिवादींच्या अभिधर्मात देवशर्म्याचा विज्ञानकाय नावाचा ग्रंथ आहे. मूळ संस्कृत नष्ट झाले, पण ह्युएन-त्संगाने ६४९ मध्ये केलेले चिनी भाषांतर टिकले. ला वाले पूसँ यांनी १९२५ मध्ये त्यातील काल आणि पुद्गल यांविषयीच्या वादाचे फ्रेंच भाषांतर केले. या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणात भूत-भविष्य नाहीत म्हणणाऱ्या एका मौद्गल्यायनाचे खंडन आहे. हा आपला मोग्गलिपुत्त तिस्सच असावा, असे काही विद्वानांनी सुचविले आहे. ते खरे असो वा नसो, एका वादाच्या दोन्ही बाजूंचे टिपण हाती असणे, ही प्राचीन भारताच्या इतिहासात दुर्मीळ गोष्ट आहे.

कथावत्थुत सकवादी प्रथम व्याप्ती तपासतो. सर्व आहे, तर सर्वत्र आहे काय, सर्वदा आहे काय? परवादी नाही म्हणतो. हे प्रश्न वाचून, प्रतिपक्षाच्या तोंडी नसलेले मत घालून त्याला हास्यास्पद ठरविण्याचा हा प्रयत्न आहे, असे वाटेल. आम्ही तसे समजत नाही. ‘सर्व’ या शब्दाचा पसारा आवरून वाद किती जागेत आहे, हे ठरविण्याची ती रीत आहे. त्यानंतर खरा प्रश्न येतो. भूतकाळ निरुद्ध झाला आहे ना? होय. निरुद्ध झाला तर तो आहे असे कसे म्हणता? वर्तमान रूप निरुद्ध होताना आपले वर्तमानपण सोडते, हे दोघांना मान्य आहे. रूपपण सोडते काय? यावर दुमत आहे. याच ठिकाणी पांढऱ्या वस्त्राचा दृष्टान्त येतो. रंगविताना ते पांढरेपण सोडते, वस्त्रपण सोडते काय? वाद ‘आहे’ या क्रियापदावर नसून वस्तूचा स्वभाव तिच्या काळापासून वेगळा काढता येतो काय, यावर आहे, हे या साध्या दृष्टान्ताने उघड होते.

आता विज्ञानकाय काय म्हणतो ते पाहा. एखादा साधक स्वतःच्या चित्तातील लोभ हा अकुशलाचे मूळ आहे, असे पाहतो. तो पाहिलेला लोभ कोणत्या काळचा? वर्तमानातला म्हणावे तर एकाच क्षणी लोभी चित्त आणि पाहणारे चित्त अशी दोन चित्ते मानावी लागतील, आणि ते तर प्रतिपक्षालाही अमान्य आहे. तेव्हा तो लोभ भूतकाळचा. तो जाणला जातो, म्हणून तो आहे. या युक्तिवादात एक अव्यक्त आधार आहे: जे चित्ताचे आलंबन होते, ते असलेच पाहिजे.

थेरवादींचे यावर काय म्हणणे? उत्तर सब्बमत्थि कथेत शोधण्यापेक्षा नवव्या वग्गातील एका छोट्या कथेत शोधावे. तेथे प्रतिपक्षी, अट्ठकथेनुसार उत्तरापथक, म्हणतो की भूतकाळाविषयीचे चित्त निरालंबन असते. भूतकाळच नाही तर त्याला आलंबन कोठून? सकवादी हे नाकारतो. चित्त सालंबन आहे, असे तो म्हणतो. आता तीन बोलणारे समोरासमोर उभे राहिले. सब्बत्थिवादी: चित्ताला आलंबन आहे, म्हणून भूतकाळ आहे. उत्तरापथक: भूतकाळ नाही, म्हणून चित्ताला आलंबन नाही. या दोघांचे निष्कर्ष उलट आहेत, पण जे नाही ते आलंबन होऊ शकत नाही, यावर दोघांचे एकमत आहे. एकटा थेरवादी त्या आधारालाच हात घालतो: भूतकाळ नाही आणि तरीही त्याविषयीचे चित्त सालंबन आहे. निष्कर्षांवरून जे परस्परांचे कट्टर विरोधी वाटतात, ते मुळात एका पायावर उभे असतात, हे दोन कथा शेजारी ठेवून वाचल्यावाचून ध्यानात येत नाही. कथावत्थुने स्वतः त्या शेजारी ठेवलेल्या नाहीत, हा त्याचा उणेपणा आहे. त्याला प्रत्येक मताशी स्वतंत्रपणे लढावयाचे होते.

सर्वच कथांना ही उंची नाही. भगवंतांचे नित्याचे बोलणे लोकोत्तर होते काय, त्यांचे मलमूत्रही सुगंधी होते काय, असल्या कथाही दुसऱ्या व अठराव्या वग्गांत आहेत. त्यांतही एक कळीचा प्रश्न दडलेला आहे, तो म्हणजे तथागत माणूस होते की नव्हते. थेरवादींनी तेथे घेतलेली बाजू आपल्याला अभिमान वाटावा अशी आहे. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हे सारे मगध, सिंहल आणि चीन येथील पोथ्यांतले झाले. महाराष्ट्रातील वाचकाला त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या डोंगरांत कोरलेले आहे. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, राजमाता गौतमी बलश्रीने ते लेणे भदावनीय निकायाच्या भिक्खुसंघाला दिल्याचे म्हटले आहे. कान्हेरीच्या लेखांतही भद्रयानीयांचे नाव आहे. जुन्नरच्या लेखांत धम्मुत्तरीय आढळतात. दीपवंसात हे दोन्ही निकाय वज्जिपुत्तकांपासून निघालेले सांगितले आहेत आणि सर्वास्तिवादी वसुमित्राच्या ग्रंथातही ते वात्सीपुत्रीयांचीच शाखा म्हणून येतात. एरव्ही निकायांच्या वंशावळीत या दोन परंपरांचे फारसे जुळत नाही, म्हणून हे एकमत वजनदार आहे. पुग्गलकथेत जो परवादी म्हणून उभा आहे, त्याचे वारसदार आपल्या नाशिक, कान्हेरी, जुन्नरच्या विहारांत राहत होते. ज्या लेण्यांना आपण वंदन करण्यास जातो, त्यांतील काही त्यांच्यासाठी कोरली गेली. पुढे सातव्या शतकात ह्युएन-त्संगाला सौराष्ट्रातील वलभी येथे हजारोंच्या संख्येने सम्मितीय भिक्खू आढळले. बाराशे वर्षे टिकलेल्या, एवढ्या मोठ्या संघाला ‘मिथ्यादृष्टी’ या एका शब्दात निकालात काढणे हे अट्ठकथाकाराचे काम असेल, इतिहासकाराचे नव्हे.

आणि त्यांनी उचललेला प्रश्न खोटा नव्हता. आत्मा नाही, तर कम्माचे फळ कोणाला मिळते? बंधनात कोण असतो आणि मुक्त कोण होतो? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या परिचयात जे चार प्रश्न उपस्थित केले, त्यांत हा तिसरा आहे. आत्मा नाकारावयाचा आणि कम्म व पुनर्जन्म मानावयाचा, यात विसंगती आहे, ती कशी सोडवावयाची? त्यांची सोडवणूक ग्रंथाच्या चौथ्या खंडात येते. बुद्धाला पुनर्जन्म मान्य होता काय, या प्रश्नाला होय किंवा नाही असे एकच उत्तर ते देत नाहीत. ते प्रश्नाचेच दोन भाग करतात: पुनर्जन्म कशाचा, आणि पुनर्जन्म कोणाचा? पहिल्याला भौतिक तत्त्वांच्या आधारे होकार देतात. दुसऱ्याला, म्हणजे मेलेलाच मनुष्य पुन्हा जन्मतो काय याला, तीच सारी तत्त्वे पुन्हा एकत्र येतील तरच, असे सांगून ते जवळजवळ अशक्य कोटीत ढकलतात. हे उत्तर थेरवादी परंपरेचे नाही आणि सम्मितीयांचे तर नाहीच. पारंपरिक भिक्खूंनी त्यावर आक्षेपही घेतले. पण रीत ओळखीची आहे. एका नावाखाली दोन प्रश्न लपलेले असताना आधी त्यांची फोड करावयाची, मग उत्तर द्यावयाचे, याला विभज्ज म्हणतात. बाबासाहेबांशी ज्यांचा मतभेद आहे, त्यांनी तो ‘कशाचा’ यावर आहे की ‘कोणाचा’ यावर, हे प्रथम सांगितले पाहिजे. पुष्कळदा ते सांगितले जात नाही. मग सभा संपते, आवाज चढलेले राहतात.

आपल्या अभ्यासवर्गांत कथावत्थु शिकविताना पुग्गलकथेचे पहिले काही निग्रह वाचून पुढे जाण्याचा प्रघात आहे. आमची सूचना अशी, की ततिया कोटीपर्यंत वाचल्यावाचून ती कथा सोडू नये, आणि विद्यार्थ्याने सकवाद्याची बाजू मांडण्यापूर्वी परवाद्याला मान्य होईल अशा शब्दांत त्याची बाजू लिहून दाखवावी. नालंदाहून भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली निघालेल्या देवनागरी त्रिपिटकात मूळ पाठ उपलब्ध आहे. लिपीची अडचण आपल्या विद्यार्थ्यांना नाही.

शिलालेखांच्या बाबतीत काम अधिक अवघड आहे. ते निकायाचे नाव देतात, मत देत नाहीत. कथावत्थु मत देते, नाव देत नाही. दोहोंची सांगड घालताना अट्ठकथेवर किती विसंबावयाचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरवावे लागेल. कार्ल्याचे चैत्यगृह याचा उत्तम नमुना आहे. तेथील एका स्तंभावर सोपाऱ्याहून आलेल्या सातिमित नावाच्या धम्मुत्तरीय भाणकाचे दान कोरलेले असून त्या स्तंभात धातू ठेवल्याचा उल्लेख आहे. त्याच लेणीसमूहात पुळुमावीच्या काळात नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांना दिल्याचा लेख आहे. महासांघिकांच्या नावावर पुग्गलवाद कोणतीही परंपरा नोंदवीत नाही. पुग्गलकथेतला पहिला प्रश्न कार्ल्याच्या त्या दालनात विचारला असता, तर धम्मुत्तरीय ‘आमन्ता’ म्हणाला असता आणि महासांघिक ‘न हेवं वत्तब्बे’. स्तंभ अजून तेथेच आहे.